चार ग्लास पाणी

दुकानदाराचं म्हणणं होतं की बाईंनी काट्याकडे बघण्याआधी त्याच्या चेहऱ्याकडे बघावं. पंचवीस वर्षं तो त्याच खुर्चीवर बसून खिळे, बिजागऱ्या आणि साखळ्या वजनावर विकत होता आणि एकाही गिऱ्हाइकाने आजवर ब्र काढला नव्हता. तिने चेहऱ्याकडे पाहिलं. त्यात तपासण्यासारखं काही नव्हतं. मग काट्याकडे पाहिलं. पारडं रिकामं होतं आणि काटा बारा ग्रॅम दाखवत होता.

हे बारा ग्रॅम कशाचे, असं तिने विचारलं. हवेचे असतील, असं तो म्हणाला.

वजनमापं खात्यात तिला काटेबाई म्हणायचे, आणि ते केवळ काटे तपासते म्हणून नव्हे, हे तिलाही माहीत होतं. चौदा वर्षं ती हेच काम करत होती. पितळेची प्रमाण वजनं मखमलीच्या पेटीतून चिमट्याने उचलायची, हात लावायचा नाही, कारण बोटाच्या घामाचंही वजन होतं. प्रत्येक वजन तीनदा ठेवायचं, तीनदा उचलायचं. आणि प्रत्येक मापाखाली अटी लिहायच्या: काटा सपाट जागेवर होता का, पंखा बंद केला होता का, खोली गरम होती की गार. ज्या मापाखाली अटी लिहिलेल्या नाहीत त्याला ती अफवा म्हणायची. नव्याने खात्यात येणाऱ्या पोरापोरींना हे वाक्य पहिल्याच दिवशी ऐकावं लागे आणि निवृत्त होईपर्यंत त्याची नक्कल करता येई.

दुकानदाराचा काटा तिने नापास केला, पावती फाडली, आणि पेटी उचलायला वाकली तेव्हा दुकानदारच पुढे झाला. बाई, या अवस्थेत तुम्ही उचलू नका, असं म्हणून त्याने पेटी गाडीपर्यंत नेऊन ठेवली. नुकताच दंड भरलेल्या माणसाने तरी आपली दया करू नये असं तिला वाटलं. पण एकोणिसावा आठवडा होता, आणि त्या दिवसांत सगळं जगच तिला अलगद धरायला टपलेलं होतं. मत विचारायला मात्र कोणी टपलेलं नव्हतं.

तिचं वय एकोणचाळीस. हे दुसरं बाळंतपण. पहिलं तीन वर्षांपूर्वी तेविसाव्या आठवड्यातच झालं होतं, एका मंगळवारी, ऑफिसातून येताना कंबर दुखायला लागली इथपासून सुरू होऊन पाच तासांत संपलं होतं. मुलगी होती. ती एक्केचाळीस मिनिटं जगली. वजन पाचशे चाळीस ग्रॅम. ज्या काट्यावर तिला ठेवलं त्याच्या कडेला खात्याचं सील होतं आणि सीलची मुदत दोन वर्षांपूर्वीच संपलेली होती. खाटेवर पडल्या पडल्या तिने ते वाचलं. चौदा वर्षांत मुदत संपलेला काटा पाहून गप्प बसण्याची तिची ती एकमेव वेळ.

कारण विचारलं तेव्हा असं होतं कधीकधी, असं सांगण्यात आलं. गर्भपिशवीचं तोंड आखूड झालं तर बाळ लवकर येतं, पण त्याची लांबी चार आठवड्यांपूर्वीच मोजली होती, छत्तीस मिलिमीटर, अगदी उत्तम. त्यामुळे कोणाचं काही चुकलं नाही. कोणाचंच काही चुकलं नाही म्हटल्यावर उरलेली एकच व्यक्ती कोण, हे नातेवाइकांनी आपापल्या घरी जाऊन ठरवलं. कोणी म्हणालं जिने चढायची. कोणी म्हणालं लोखंडी वजनं उचलायची. वजनं पितळी होती.

आता पुन्हा मोठ्या डॉक्टरांसमोर बसायचं होतं. त्यांना मोठे म्हणायचे कारण शेजारच्या खोलीत त्यांचा मुलगा बसायचा आणि तोही डॉक्टर होता. मोठ्या डॉक्टरांच्या टेबलावर गर्भाशयाचं प्लॅस्टिकचं मॉडेल होतं. त्यातलं बाळ सुटं होऊन पेनांच्या डब्यात जाऊन पडलेलं असायचं. डॉक्टरांना आपण, आपण म्हणत बोलायची सवय होती. आपण वजन बघू, आपण रक्त तपासू, आपण काळजी करायची नाही. ऐकणाऱ्याला वाटावं की दोघांनाही दिवस गेलेत.

त्यांनी नवा रिपोर्ट पाहिला. तेहतीस मिलिमीटर. लांबी चांगली आहे, पण पूर्वीचा अनुभव वाईट आहे, असं ते म्हणाले, आणि मग प्रोजेस्टेरॉनचा विषय काढला. हे हार्मोन शरीर स्वतःच तयार करतं, पिशवी शांत ठेवतं. त्याची कॅप्सूल रोज झोपताना योनीत आत ठेवायची, छत्तीस आठवड्यांपर्यंत. पिशवीचं तोंड आखूड असेल तर तिचा उपयोग होतो, याला पुरावा बरा आहे. लांबी चांगली आणि फक्त इतिहास वाईट, अशा बाईला ती द्यावी की नाही, यावर मात्र डॉक्टरांचं एकमत नाही. पूर्वी ते स्वतः दर आठवड्याला त्या जातीचं एक इंजेक्शन द्यायचे. मग मोठी चाचणी झाली, फरक काही दिसला नाही, आणि त्यांनी ते थांबवलं. हे त्यांनी छत्री हरवल्यासारख्या सुरात सांगितलं.

"मग घ्यायची की नाही?" तिने विचारलं.

"घेतलीत तर तोटा नाही. नाही घेतलीत तरी चालेल. निर्णय शेवटी तुमचा."

आपणमधून ती एकटी बाहेर पडली ती अशी, निर्णयाच्या अगदी उंबरठ्यावर.

हे तेहतीस किती पुढेमागे असू शकतात, असं तिने विचारलं. डॉक्टर हसले. तुम्ही अगदी ऑफिसातूनच आलात, असं म्हणाले, आणि आठ दिवसांनी या, ठरवून या, असं सांगून त्यांनी घंटी वाजवली.

घरी मतांचा तोटा नव्हता. सासूबाई टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या, आयुष्यभर दुसऱ्यांची बोलणी जोडून दिलेल्या. आता त्या स्वतःच बोलायच्या. त्यांचं म्हणणं सरळ होतं. शरीराला बाहेरून काही देऊ नये. निसर्गाला त्याचं काम करू द्यावं. हार्मोन घेतलेल्या एका बाईला त्यांच्या ऑफिसात मिशा आल्या होत्या. हे सगळं त्या आठवड्याच्या गोळ्यांची डबी भरता भरता सांगत होत्या. डबीला सात कप्पे होते आणि प्रत्येक कप्प्यात पाच गोळ्या जात होत्या.

"आई, तुमची सकाळची थायरॉइडची गोळी आहे ना," ती म्हणाली, "ती हार्मोनचीच आहे."

सासूबाईंनी गोळीकडे पाहिलं, मग सुनेकडे. "ती माझी आहे," असं म्हणून त्यांनी कप्प्याचं झाकण लावलं.

नणंद कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची आणि दुसऱ्या गावाहून फोनवर मत द्यायची. फोन टेबलाच्या मधोमध ठेवलेला असायचा, सगळ्यांना ऐकू यावं म्हणून. तिने मिशांचा विषय उडवून लावला आणि त्याहून वाईट गोष्ट सांगितली. पूर्वी एक दुसरंच, प्रयोगशाळेत बनवलेलं हार्मोन गर्भ टिकावा म्हणून कित्येक वर्षं बायकांना देत होते. गर्भ त्याने टिकले नाहीतच, आणि जन्मलेल्या मुलींपैकी काहींना तरुणपणी एक विचित्र कॅन्सर झाला. हे ते औषध नव्हे, हे नणंदेने प्रामाणिकपणे दोनदा सांगितलं. "पण वहिनी, तेव्हाही डॉक्टर हेच म्हणायचे. घेतलं तर तोटा नाही."

घरात एवढं एकच मत असं होतं की ज्याच्यावर रागावता येईना, म्हणून ते सगळ्यात जास्त लागलं.

राहिला नवरा. तो लिफ्टची देखभाल करायचा. लिफ्ट कुठल्याही मजल्यावर अडकू दे, आतल्या माणसांशी शांतपणे बोलण्यात त्याचा हातखंडा होता. घरी तो तेच करायचा. आईचं ऐकून मान हलवली, बहिणीचं ऐकून मान हलवली, आणि मग बायकोकडे वळून तो समंजसपणे म्हणाला, "तू म्हणशील ते."

हे वाक्य तिने याआधी एकदा ऐकलं होतं. तीन वर्षांपूर्वी नर्सने विचारलं होतं, बाळाला हातात घ्यायचंय का. तिने नवऱ्याकडे पाहिलं होतं, कारण तिला स्वतःला काही ठरवता येत नव्हतं, आणि तो म्हणाला होता, तू म्हणशील ते. ती काही म्हणेपर्यंत एक्केचाळीसमधली किती मिनिटं गेली, ते कोणी मोजलं नव्हतं.

ती उठली आणि भांडी घासायला लागली. घासलेलीच भांडी पुन्हा घासली. तिला कळत होतं की हे सगळे वाईट लोक नाहीत. वाईट असते तर बरं झालं असतं, पावती फाडता आली असती. ज्यांना माहीत असतं ते विचारत नाहीत, करून टाकतात. आणि ज्यांना माहीत नसतं ते तुमच्या मताचा आदर करतात. तीन वर्षांत तिच्या मताचा इतका आदर झाला होता की त्या ओझ्याने तिची कंबर पुन्हा दुखायला लागायची.

आठातले पाच दिवस असेच गेले. सहाव्या दिवशी दुपारी ती खात्याच्या प्रमाण खोलीत बसली. या खोलीत मूळ वजनं आणि मापं ठेवलेली असतात, दारं दुहेरी असतात, आणि आत मोठ्याने बोलायची पद्धत नाही. डबा उघडा होता पण जेवण होत नव्हतं. तिने फाइल काढली. जुना रिपोर्ट आणि नवा रिपोर्ट टेबलावर शेजारी शेजारी ठेवले, कडा जुळवून, जशी ती प्रमाणपत्रं ठेवते. छत्तीस. तेहतीस. सवयीने तिची नजर आकड्याच्या खाली गेली, जिथे अटी असतात.

होत्या. मुंगीएवढ्या अक्षरांत, दोन्ही कागदांवर, शब्दाला शब्द त्याच. तपासणी पोटावरून. मूत्राशय भरलेले.

सोनोग्राफीच्या बाहेरचा बाक तिला आठवला, आणि बाकाच्या वरची पाटी: चार ग्लास पाणी प्या, नाव पुकारेपर्यंत बाथरूमला जाऊ नका. पाय आवळून बसलेल्या बायकांची रांग. दोन्ही वेळा तीही तशीच बसली होती, पाचवा ग्लास जास्तीचा पिऊन, कारण नियम म्हणजे नियम.

आता तिच्या खात्यात कापडाचा एक नियम आहे, आणि तो पहिल्या पानावर आहे. कापड ताणून मोजायचं नाही. मऊ वस्तू टेबलावर मोकळी सोडायची, तिला काही टेकलेलं नको, दाबलेलं नको, ओढलेलं नको, आणि मग मीटर लावायचा. ताणून मोजणाऱ्या किती कापडवाल्यांचे मीटर तिने जप्त केले होते. आणि चार ग्लास पाण्याचा फुगा शेजारी गच्च दाबून ठेवून एका मऊ नळीची लांबी कोणीतरी मोजली होती, दोनदा, आणि ती, काटेबाई, हातात कागद घेऊन छान छत्तीस म्हणत घरी गेली होती. लोकांचे खिळे तिने तीनदा मोजले. स्वतःच्या मुलीच्या वेळी ओळीखालची ओळ वाचली नाही.

तिने डबा बंद केला. राग इतका स्वच्छ आला होता की हात अजिबात थरथरत नव्हते. त्या हातांनी त्या क्षणी मिलिग्रॅमचं वजन उचलता आलं असतं.

सोनोग्राफी करणारी डॉक्टर तरुण होती आणि तिच्या उजव्या मनगटाला पट्टा होता. दिवसभर ते यंत्र पोटांवर दाबून मनगटं जातात म्हणे. दुपारची वेळ, खोलीत कोणी नव्हतं, ती डाव्या हाताने केळं खात होती. काटेबाईंनी दोन्ही कागद पुढे ठेवले आणि एकच गोष्ट विचारली. मूत्राशय भरलेलं असताना हे माप वाढतं का?

ती डॉक्टर खोटं बोलली असती तर पुढचं सगळं सोपं झालं असतं. तिने केळं खाली ठेवलं आणि हो म्हणाली. कधी काहीच फरक पडत नाही, कधी दहा-बारा मिलिमीटरचा पडतो. खरं माप आतून घ्यायचं, मूत्राशय रिकामं करून, चारपाच मिनिटं वाट बघत, तीनदा. आणि तिन्हींतलं सगळ्यात लहान धरायचं.

"मग तसं का घेतलं नाहीत?"

"तसं लिहून आलं तर घेते. नाहीतर सकाळचे साठ पेशंट असतात. एकेकीला सात मिनिटं."

"मागच्या वेळी एक मूल गेल्याचं फाइलवर होतं."

"फाइल माझ्याकडे येत नाही. चिठ्ठी येते."

काटेबाईंनी पट्टा बांधलेल्या मनगटाकडे पाहिलं. आरडाओरडा करावा असं मनात होतं आणि समोर आरडाओरडा करण्याजोगं कोणी नव्हतं. एक थकलेली मुलगी होती, आणि केळं. तेव्हा तिने पिशवीतून खात्याचं पॅड काढलं, कार्बन लावला आणि नेहमीच्या टपोऱ्या अक्षरांत लिहिलं: तपासलेले माप अमान्य. वस्तू मोकळी नसताना मोजली. फेरमोजणी तात्काळ करावी. खाली सही केली, तारीख घातली, आणि दुसरी प्रत फाडून पुढे सरकवली.

डॉक्टरने चिठ्ठी वाचली. हा तुमचा अधिकार नाही, असं ती म्हणाली. नाही, असं काटेबाईंनी कबूल केलं. मग डॉक्टरने चिठ्ठी पेशंटच्या चिठ्ठ्यांच्या सुईला टोचली आणि म्हणाली, "बाथरूम उजवीकडे आहे."

बावीस. एकवीस. तेवीस.

एकवीस, असं डॉक्टरने लिहिलं, आणि त्याखाली, न सांगता, अटी लिहिल्या: आतून, मूत्राशय रिकामे, तीन मापे, सर्वात लहान धरले. पंचवीसच्या खाली गेलं की आखूड म्हणतात, असं ती हळू आवाजात म्हणाली. हे काटेबाईंना तिने सांगण्याआधीच कळलं होतं. तिच्या डोक्यात वेगळंच गणित चाललं होतं. तेहतीसचे एकवीस होतात, तर छत्तीसचे किती होते?

तिने नवऱ्याला कामावरून बोलावून घेतलं. तो कुठल्यातरी इमारतीच्या माथ्यावरून ग्रीसने माखलेल्या हातांनी आला, आणि दोघं संध्याकाळी नंबर नसताना मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत शिरले. बाहेरच्या बाईने अडवलं. काटेबाईंनी तिच्याकडे असं पाहिलं की ती रजिस्टरमध्ये काहीतरी शोधायला लागली.

डॉक्टरांनी एकवीस वाचले, चष्मा काढला, आणि चित्र बदललं, असं म्हणाले.

"चित्र तेच आहे," ती म्हणाली. "तुम्ही आत्ता पाहिलंत."

मग तिने खुर्ची पुढे ओढली आणि शंभर बायका मागितल्या. मला टक्के नकोत, चांगलं-वाईट नको, असं तिने सांगितलं. माझ्यासारख्या शंभर बायका घ्या आणि त्यांचं काय होतं ते सांगा. डॉक्टर पहिल्यांदाच जरा सरळ बसले. कॅप्सूल घेतली नाही तर शंभरातल्या साधारण बावीस जणी तेहतिसाव्या आठवड्याच्या आत बाळंत होतात, असं ते म्हणाले. घेतली तर चौदा. म्हणजे आठ जणींना फायदा. अठ्ठ्याहत्तर जणी नाही घेतली तरी तिथवर पोचल्याच असत्या. चौदा जणी घेऊनही पोचत नाहीत. लांबी आणखी कमी झाली तर पिशवीच्या तोंडाला टाका घालावा लागेल, म्हणून दर आठवड्याला मोजायचं, आणि आता आतूनच मोजायचं.

"आणि बाळाला काय होतं?"

औषध घेतलेल्या बायकांच्या मुलांवर काही वर्षं लक्ष ठेवलंय, त्यांच्यात वावगं काही दिसलेलं नाही, असं ते म्हणाले. तिने पुढे काय, असं विचारलं. डॉक्टरांनी पेनांच्या डब्यातलं प्लॅस्टिकचं बाळ काढून मॉडेलमध्ये बसवलं. ते बसेना.

"पुढचं मला माहीत नाही," ते म्हणाले.

या माणसाने तिला आजवर सांगितलेलं हे पहिलं वाक्य, ज्याच्याखाली अटी लिहायची गरज नव्हती. नणंदेच्या भीतीचं उत्तर तेवढंच होतं: माहीत नाही. पण माहीत नाही म्हणणारा आणि तोटा नाही म्हणणारा, यांतल्या कोणाच्या हातची गोळी घ्यावी, हे तिला त्या क्षणी नक्की कळलं.

ती नवऱ्याकडे वळली. "तुझं मत काय?"

"तू म्हण—"

"ते नको. तुझं."

तो हातांवरचं ग्रीस बघत बसला. डॉक्टरही त्याच्याकडे बघत होते, आणि लिफ्टमध्ये आपण स्वतःच अडकल्यावर काय बोलायचं ते त्याला कोणी शिकवलेलं नव्हतं. मग तो म्हणाला, "घे. मी सांगतोय घे. आणि नाही टिकलं, तर घे म्हणणारा मी होतो. घरी पण तसंच सांगेन."

तीन वर्षांत पहिल्यांदा त्याने एक टोक धरलं. तिला रडू येईल असं वाटलं, पण आला तो रागच. हे तेव्हा का बोलला नाहीस, असा. तो तिने गिळला. संपवला नाही, पुढे कधी लागेल म्हणून ठेवून दिला.

घेते, असं तिने डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी चिठ्ठी लिहिली. ती उठली नाही.

"मागच्या वेळचे छत्तीस," ती म्हणाली. "ते किती होते?"

"ते आता कसं सांगणार? सांगता येणार नाही."

"तेवढं लिहून द्या."

"काय लिहून देऊ?"

"सांगता येणार नाही, असं. तारीख घालून. फाइलवर लांबी उत्तम असं लिहिलंय. लोक म्हणतात, मी वजनं उचलायची म्हणून झालं."

बाहेरच्या बाईने दार किलकिलं केलं आणि परत लावलं. मोठ्या डॉक्टरांनी लेटरहेड ओढलं. आपण, असा शब्द लिहिला आणि खोडला. मग लिहिलं की त्या वेळी घेतलेलं माप भरलेल्या मूत्राशयावर, पोटावरून घेतलं असल्याने ते ग्राह्य धरता येत नाही, आणि प्रत्यक्ष लांबी किती होती हे सांगता येणार नाही. सही केली. तिने ते वाचलं, घडी न घालता फाइलमध्ये ठेवलं, आणि धन्यवाद दिले नाहीत.

घरी नवऱ्याने खरोखरच सांगितलं. सासूबाई दोन दिवस त्याच्याशी बोलल्या नाहीत, आणि तो अबोला त्याच्या वाट्याला आलेला पाहून तिला बरं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. नणंदेने डॉक्टरांचे आकडे ऐकून घेतले, आणि मीही घेतली असती, असं ती म्हणाली. कॅप्सूल थंड जागी ठेवायची होती. फ्रिजच्या दारात सासूबाईंच्या डोळ्यांच्या थेंबांशेजारी जागा झाली.

एकवीसचे वीस झाले, मग पुन्हा एकवीस, मग वीसवर थांबले. टाका लागला नाही. आठांतली आपण की अठ्ठ्याहत्तरांतली, हे तिला कधीच कळणार नव्हतं. चौदांतली असलो तर कळेल, एवढंच. तेविसावा आठवडा एका मंगळवारी संपला. ती त्या दिवशी कामावर गेली आणि चार काटे नापास केले, त्यांपैकी एक बहुधा पासही करता आला असता.

पंचविसाव्या आठवड्यात तिने त्याच इस्पितळाची तपासणी काढली. ते तिच्याच विभागात येत होतं, आणि गेली पाच वर्षं कोणी फिरकलं नव्हतं. इस्पितळात काय तपासायचं, असं साहेब म्हणाले. काटे असतात, असं ती म्हणाली. सकाळी दहाला ती पेटी घेऊन आली, म्हणजे पेटी सहकाऱ्याने घेतली होती, आणि स्वयंपाकघरापासून सुरुवात केली. तिथले दोन नापास. औषधांच्या खोलीतला एक पास. तपासणी खोल्यांतले उभे राहायचे काटे, ज्यांवर बायका दर महिन्याला श्वास रोखून चढतात, ते सगळे नापास. सोनोग्राफीच्या बाहेर बाकाच्या वर पाटी तशीच होती, पण खाली कोणीतरी डाव्या हाताने लिहिल्यासारख्या वाकड्या अक्षरांत एक ओळ जोडली होती: पिशवीच्या तोंडाचं माप असेल त्यांनी आधी बाथरूमला जाऊन यावे.

शेवटी प्रसूतीची खोली. बाळांचा काटा खिडकीखाली होता, तोच, पांढरा, कडेला चीर गेलेला. सीलची मुदत आता पाच वर्षांपूर्वी संपलेली होती. नर्सने वरचं फडकं काढलं. पंखा बंद करायला तिने सांगितलं. रिकामं पारडं शून्य दाखवत होतं, नुसतं शून्य, एक ग्रॅम इकडे नाही की तिकडे नाही.

सहकाऱ्याने यादीप्रमाणे एक किलोचं वजन उचललं. तिने त्याला थांबवलं, चिमटा स्वतःच्या हातात घेतला आणि पाचशेचं वजन ठेवलं. मग वीसचं. मग दुसरं वीसचं.

पाचशे चाळीस.

उचलली, पुन्हा ठेवली. पाचशे चाळीस. तिसऱ्यांदा ठेवली. काटा बरोबर होता. तेव्हाही बरोबरच असणार. त्या दिवशी तिला दिलेल्या सगळ्या आकड्यांत हा एक खरा होता, आणि तो खरा आहे हे तपासायला तिला तीन वर्षं लागली होती.

बाळाने आतून लाथ मारली. वेळ साधून नव्हे. ते दहा वाजल्यापासून मारतच होतं.

झालं ना, पास ना, असं नर्सने विचारलं. वजन बरोबर आहे, असं काटेबाईंनी सांगितलं. तिने वजनं एकेक करून मखमलीत परत ठेवली, पॅड काढलं, कार्बन लावला, आणि मुदत संपलेल्या सीलचा काटा वापरल्याबद्दल इस्पितळाला नोटीस फाडली.